विद्यार्थ्यांची कविता : आत्माविष्कार की रचनाकौशल्य?



परीक्षा संपल्या आहेत आणि उत्तरपत्रिका अजून तपासून व्हायच्या आहेत, अशा नेमक्या दिवसांत एका शिक्षकाला येथे बोलायला उभे करण्यात व्याख्यानमालेच्या चालकांची दयाबुद्धीच असली पाहिजे. निदान एक संध्याकाळ तरी मी गठ्ठ्यांपासून दूर राहीन. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. विषय मात्र मी गठ्ठ्यातलाच घेतला आहे, फक्त गठ्ठा निराळा आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी दरवर्षी थंडीच्या सुमारास कवितांचा एक गठ्ठा माझ्या टेबलावर येऊन पडतो. त्याला कोणी गुण देत नाही, त्याच्यावर कोणाचा निकाल अवलंबून नसतो. तरीही तो वाचताना माझा हात उत्तरपत्रिका तपासतानापेक्षा अधिक कचरतो. तो का कचरतो, हेच मला आज सांगायचे आहे.

कविता निवडायला आम्ही दोघे-तिघे बसतो, आणि दरवर्षी एकच वाद होतो. एक जण एखादा कागद उचलतो आणि म्हणतो, ‘ही घ्या. वृत्त मोडले आहे, पण पोराने काळीज ओतले आहे.’ दुसरा म्हणतो, ‘काळीज प्रत्येकालाच असते. ओतायला भांडे नको का? ही दुसरी पाहा, एक मात्रा इकडची तिकडे नाही.’ पहिल्याच्या मते विद्यार्थ्याची कविता म्हणजे त्याचा आत्माविष्कार. त्याच्या मनात जे दाटून आले ते बाहेर पडले, आणि बाकीचे सारे गौण. दुसऱ्याच्या मते विद्यार्थी हा विद्यार्थीच असतो. गाणे शिकणारा जसा आधी स्वर घोटतो, तशी त्याची कविता म्हणजे हाताला लावलेले वळण. तिच्यात कौशल्य किती आले एवढेच पाहावे.

हा वाद आमच्या खोलीपुरता राहिला असता, तर तो तुमच्यापुढे मांडण्याचे कारण नव्हते. परंतु तो तुमच्याही घरात आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी गादीखाली किंवा कपाटातल्या कपड्यांच्या घडीत एक वही असेल, आणि हल्ली ती वही बहुधा मोबाइलमध्ये असते. ती एक दिवस आईच्या किंवा वडिलांच्या हाती लागते. त्या क्षणी आपण काय म्हणतो यावर पुष्कळ गोष्टी ठरतात. ‘हे कोणावर लिहिलेस?’ असे आपण विचारतो, किंवा ‘शुद्धलेखन तेवढे सुधार’ असे म्हणतो. पहिला प्रश्न आत्माविष्काराच्या बाजूचा, दुसरा कौशल्याच्या बाजूचा. दोन्ही प्रश्नांनी वही बंद होते, असा माझा अनुभव आहे.

आता मुलांच्या कवितांत प्रत्यक्ष काय असते ते पाहू. ज्या कवितांखाली ‘हे माझे अगदी स्वतःचे आहे’ असे विद्यार्थी आग्रहाने सांगतो, त्या कविता एकमेकींसारख्या असतात. हृदयाची शकले, डोळ्यांतला पाऊस, वाट पाहणारी सांज, विझलेला दिवा. वीस कविता वाचल्या की एकविसावी न वाचता सांगता येते. मुले खोटे बोलतात असा याचा अर्थ नाही. दुःख खरेच असते, पण ते सांगायला त्यांच्यापाशी जे शब्द असतात ते चित्रपटातील गीतांतून, भावगीतांतून आणि पाठ्यपुस्तकांतून आलेले असतात. मन स्वतःचे आणि अंगावरचे कपडे उसने, अशी ही अवस्था आहे. म्हणजे ज्याला आपण आत्माविष्कार म्हणतो, त्यातला ‘आत्मा’ बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच घरी उतरलेला असतो.

याच्या उलट एक अनुभव सांगतो. एका वर्षी मी वर्गाला ओवी लिहायला सांगितली. ज्ञानेश्वरीच्या धाटणीची, म्हणजे पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा चरण आखूड व मोकळा. विषय अगदी साधा ठेवला होता : आपल्या घरातला एक आवाज. ‘भावना’ हा शब्दच मी उच्चारला नव्हता. वर्गात यंत्रमागांच्या गावाहून आलेला एक मुलगा होता. त्याच्या विरहाच्या कविता मी आधी पाहिल्या होत्या, आणि त्या मघाशी सांगितलेल्या विसांत सहज मिसळून गेल्या असत्या. या वेळी त्याने ‘माग’ हा शब्द घेतला आणि यमक शोधायला बसला. ‘राग’ झाले, ‘भाग’ झाले, ‘बाग’ तर त्यांच्या गल्लीत नव्हतीच. शेवटी त्याला ‘जाग’ सापडले, आणि त्या शब्दाबरोबर त्याला एक गोष्ट आठवली. त्यांच्या घरात रात्रभर मागाच्या खडखडाटात सगळे गाढ झोपत. वीज गेली, माग थांबला, की त्या शांततेने घरातले सगळे दचकून जागे होत. माग थांबणे म्हणजे मजुरी थांबणे, हे लहान मुलालाही झोपेत कळत असे. एवढेच त्याने साडेतीन चरणांत लिहिले होते. मी ती ओवी वर्गात वाचली तेव्हा त्या गावची आणखी दोन मुले एकमेकांकडे पाहू लागली.

आता मला सांगा, ही ओवी आत्माविष्कार की कौशल्य? ती नेमून दिलेली कामगिरी होती, म्हणजे कौशल्याचा पाठ होता. परंतु त्या मुलाच्या सगळ्या कवितांत त्याचे घर, त्याची झोप आणि त्याची भीती याच एका ठिकाणी आली. आणि ती कोणी आणली? यमकाने आणली. मन मोकळे करायला तो बसला असता, तर त्याने पुन्हा सांज आणि दिवा लिहिला असता. यमकाच्या अडचणीने त्याला सोपी वाट बंद केली, म्हणून तो स्वतःच्या घराच्या वाटेला लागला. रचनेची बंधने भावनेला कोंडतात असे आपण ऐकतो. ती भावनेला पुष्कळदा शोधूनही आणतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

आपल्याकडच्या जुन्या साहित्यशास्त्रकारांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. अकराव्या शतकातल्या काश्मीरमधील दोन ग्रंथकार पाहा. मम्मटाने काव्याला काय काय लागते ते सांगताना तीन गोष्टी घेतल्या : जन्मजात शक्ती, लोकव्यवहार आणि शास्त्रे पाहून येणारी निपुणता, आणि जाणकाराच्या हाताखाली केलेला अभ्यास. त्याचा बारकावा असा की ही तीन निरनिराळी कारणे नाहीत, तिघांचे मिळून एकच कारण होते. एक पाय काढला की तिवई पडते. क्षेमेंद्राने तर ‘कविकंठाभरण’ नावाचा ग्रंथच शिकाऊ कवींसाठी लिहिला. आरंभी अर्थाकडे लक्षच देऊ नये, नुसते शब्द वृत्तात बसवून कान तयार करावा, असा सराव तो सुचवतो. पुढे तो दुसऱ्याची छाया घेणारा, पद उचलणारा, चरण उचलणारा आणि सगळेच उचलणारा असे उसनवारीचे प्रकारही सांगतो. वार्षिक अंकाच्या संपादकाला हे वर्गीकरण फार उपयोगी पडते! शिष्यांचेही त्याने प्रकार केले आहेत. थोड्या प्रयत्नाने शिकणारा, फार कष्टाने शिकणारा, आणि मुळीच न शिकणारा. या तिसऱ्या प्रकारात स्वभावतःच दगडासारखे असलेले येतात आणि रुक्ष व्याकरणाने वाया गेलेलेही येतात. आम्हा मास्तरांना हा टोला आहे. परंतु याच क्षेमेंद्राने शिकाऊ कवीसाठी ज्या शंभर सूचना दिल्या, त्यांत त्याला घराबाहेर पडून जग न्याहाळायला लावले आहे. वृत्त घोटणे आणि डोळे उघडे ठेवणे यांत त्याला विरोध दिसला नाही.

मग आपल्याला तो कोठून दिसू लागला? त्याला आपल्या मराठी कवितेचा इतिहास कारण आहे. पंडित कवींच्या परंपरेत कौशल्य कधी कधी कसरतीपर्यंत गेले. मोरोपंतांचे (1729–1794) उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांनी अष्टोत्तरशत रामायणे रचली असे परंपरा सांगते, आणि त्यांतल्या कित्येकांत शब्दांचा एकेक अवघड खेळ आहे. ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांना ओठ लावून उच्चारायची अक्षरे वर्ज्य आहेत. क्षणभर विचार करा. ‘म’ वर्ज्य, म्हणजे ‘राम’ हा शब्दच वर्ज्य! रामाचे नाव न घेता रामायण सांगायचे. कौशल्याची याहून मोठी पैज मला तरी आठवत नाही, आणि अशी पैज जिंकून काय मिळाले असे एखाद्याने विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु याच मोरोपंतांची ‘केकावली’ घ्या. उत्तरवयातली ही रचना पृथ्वीसारख्या वृत्तात आहे, आणि तिच्यात मोराने मेघाकडे पाहून टाहो फोडावा तशी देवाची आळवणी आहे. वृत्त सांभाळण्याचे श्रम तेथे जाणवतही नाहीत. ती सहजता आकाशातून पडलेली नाही. आयुष्यभर अक्षरे मोजणाऱ्या हाताची ती सहजता आहे.

मग केशवसुत (1866–1905) आले. इंग्रजी कवितेच्या वाचनाने कवीचे ‘मी’पण मराठीत उजळ माथ्याने उभे राहिले. कवी कोणा आश्रयदात्याच्या किंवा पुराणकथेच्या वतीने बोलत नाही, स्वतःच्या वतीने बोलतो, ही जाणीव त्यांनी रुजवली. हे ऋण फार मोठे आहे. परंतु त्यांच्या नावाने आज जे सांगितले जाते ते त्यांनी केलेले नाही. नियम टाकून द्या, असे त्यांच्या रचनेत कोठे आहे? उलट चौदा ओळींची, काटेकोर बांधणीची इंग्रजी रचना त्यांनीच 1892 साली मराठीत आणली. ‘चतुर्दशक’ हे त्यांनी तिला दिलेले नाव. पुढे तिला सुनीत म्हणू लागले. आत्माविष्काराचा हा आद्य पुरस्कर्ता स्वतःसाठी अधिक कडक नियम शोधत होता, हे लक्षात घेतले पाहिजे. माधव जूलियनांचेही तसेच. उत्कट प्रेमकवितेसाठी ज्यांचे नाव घ्यायचे, त्याच माधवराव पटवर्धनांनी मराठी वृत्तांची आणि जातींची मोजदाद करणारा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ लिहिला, आणि 1938 साली मुंबई विद्यापीठाने त्याबद्दल त्यांना डी. लिट्. दिली. एकाच माणसाच्या एका हातात काळीज होते आणि दुसऱ्या हातात मोजपट्टी.

पुढे काय झाले? ‘मी’ सांगणे ही पद्धत झाली, आणि पद्धत झाली की तिची फॅशन होते. केशवसुत गेल्यानंतर वीस वर्षांच्या आत आचार्य अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ फुलली. त्या काळच्या कवींची मूठभर शब्दांवरची भक्ती, त्यांचे सुस्कारे, त्यांचे प्रेमभंग यांची अत्र्यांनी अशी काही नक्कल केली की महाराष्ट्र पोट धरून हसला. विडंबनाला माझ्या दृष्टीने एक शास्त्रीय किंमत आहे. ज्याची नक्कल करता येते ते फक्त त्या कवीचे स्वतःचे उरलेले नसते, हे ते सिद्ध करते. जो आत्माविष्कार म्हणून सुरू झाला, त्याचेही एक कौशल्य झाले होते, आणि तेही सोपे कौशल्य. आपली मुले आज जे उसने कपडे घालतात, त्यांतले बरेचसे त्याच पेटाऱ्यातले आहेत.

येथे कोणी म्हणेल, ‘बहिणाबाई चौधरींचे काय? त्या शाळेत गेल्या नाहीत, वृत्ताचे नाव त्यांनी ऐकले नाही, आणि त्यांची गाणी मात्र घरोघर आहेत. मग तुमचा अभ्यास कोठे राहिला?’ आक्षेप योग्य आहे आणि त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. बहिणाबाई (1880–1951) निरक्षर होत्या हे खरे. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या माणसांनी टिपून ठेवली, म्हणून 1952 साली ती पुस्तकरूपाने आली. परंतु त्या अशिक्षित होत्या असे मी म्हणणार नाही. खानदेशातल्या बायका पिढ्यान् पिढ्या जात्यावर ओव्या म्हणत आल्या होत्या. पहाटे जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवीचा ठेका, यमकाची जागा आणि शेवटचा झोका कानात बसत असे. लग्नात, शेतात, सणाला हीच शाळा भरे. किती तास, किती वर्षे? आपल्या महाविद्यालयात कोणत्याही विषयाला एवढे तास मिळत नाहीत. बहिणाबाईंची प्रतिभा त्यांची स्वतःची, आणि तालीम जात्याची. आज आपल्या घरातून जाते गेले. त्याची जागा चित्रपटातल्या गाण्यांनी घेतली. त्यामुळे कान तयार करण्याचे काम शाळेने आणि घराने मुद्दाम करावे लागेल, असाच माझ्या मते बहिणाबाईंच्या उदाहरणाचा अर्थ आहे.

उलट बाजूचेही एक उदाहरण देतो, आणि ते परदेशातले आहे, कारण विद्यार्थ्यांना विषय नेमून देऊन कविता लिहवून घेण्याची आणि तिला पदक देण्याची रीत इंग्रजी विद्यापीठांत जुनी आहे. 1829 साली केंब्रिजने कुलपतींच्या सुवर्णपदकासाठी विषय दिला ‘टिंबक्टू’. आफ्रिकेतले ते शहर ना परीक्षकांनी पाहिलेले, ना विद्यार्थ्यांनी. आल्फ्रेड टेनिसन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. वडिलांनी आग्रह धरला म्हणून त्याने स्पर्धेत भाग घेतला. मग त्याने आपल्याजवळची एक जुनी, अगदी वेगळ्या विषयावरची कविता काढली, तिला नवे डोके आणि नवे शेपूट जोडले, आणि पदक पटकावले. हे ऐकून हसू येते. परंतु यात एक मर्म आहे. विषय विद्यापीठाचा होता, पण त्याने घातलेले द्रव्य त्याचे स्वतःचे होते, कित्येक दिवस मनात आणि वहीत मुरलेले. नेमून दिलेल्या कामातही स्वतःचे काही घालता येते. मात्र घालायला ते आधी जवळ असावे लागते.

आणि ते जवळ यायला वेळ लागतो. बा. सी. मर्ढेकरांचा ‘शिशिरागम’ 1939 साली निघाला. तो वाचणाऱ्याला त्यात बालकवींचे, माधव जूलियनांचे वळण दिसते. आठ वर्षांनी, 1947 साली, ‘काही कविता’ आला आणि मराठी कवितेचा चेहराच बदलला. यंत्रयुगातल्या माणसाची तडफड त्यांनी मांडली, आणि ती मांडायला कित्येकदा ओवी-अभंगांचीच जुनी चाल वापरली. ‘शिशिरागम’ वाचून कोणी त्या कवीला सांगितले असते की, ‘यात तुमचे स्वतःचे काही नाही, लिहिणे सोडा’, आणि त्यांनी ते ऐकले असते, तर? उसन्या आवाजात बोलणे हा दोष नाही, तो एक मुक्काम आहे. प्रश्न एवढाच की तेथून पुढे जाता यावे.

आता मी अधिक नाजूक भागाकडे येतो. विद्यार्थ्यांची कविता केवळ आत्माविष्कार मानली की तिचा कबुलीजबाब होतो, आणि कबुलीजबाब म्हटला की चौकशी आली. एका विद्यार्थिनीने आमच्या अंकाला आई वारल्यानंतरच्या घरावर कविता दिली होती. चुलीपुढची रिकामी जागा, दोरीवर तसेच राहिलेले लुगडे, असे बारीक तपशील होते. कविता छापली गेली. आठ दिवसांनी तिचे वडील आले, आणि फार संतापून आले. आई घरी धडधाकट होती! नातेवाईक विचारपूस करू लागले होते, आणि मुलीने घराची बदनामी केली असे त्यांना वाटत होते. आम्ही मुलीला बोलावले. ती खाली मान घालून म्हणाली, ‘सर, आई आजारी होती तेव्हा रात्री असं मनात आलं होतं. नंतर ती बरी झाली. पण आलेलं जाईना, म्हणून लिहिलं.’ वडील काही वेळ बोलले नाहीत. पत्नीच्या त्या दुखण्यात मुलीच्या मनात काय चालले होते हे त्यांना त्या कागदाने प्रथमच सांगितले होते.

त्या कवितेतला प्रसंग खरा नव्हता, भीती खरी होती. प्रसंग तिने रचला, कारण भीती नुसती सांगून कळत नाही. तिला चूल लागते, लुगडे लागते, रिकामी जागा लागते. यालाच मी रचना म्हणतो. आणि ही रचनाच तिचे संरक्षणही आहे. कवितेतला ‘मी’ म्हणजे लिहिणारा माणूस नव्हे, तो लिहिणाऱ्याने उभा केलेला माणूस आहे. रंगभूमीवर राजा मेला म्हणून आपण नटाच्या घरी समाचाराला जात नाही. ही सवलत आपण नटाला देतो आणि सतरा वर्षांच्या मुलीला मात्र नाकारतो. मुलींच्या बाबतीत तर हे फार कडक होते. मुलाने प्रेमकविता लिहिली तर घरात थट्टा होते, मुलीने लिहिली तर तिचा मोबाइल तपासला जातो. मग ती शहाणी होते आणि पुढच्या वर्षी ‘झाडे लावा’ या विषयावर कविता देते. झाडे लावावीतच, परंतु त्या मुलीला जे म्हणायचे होते ते आता कोणालाच कळणार नाही.

दुसऱ्या टोकाची हानीही कमी नाही. काव्यस्पर्धांत कौशल्य तेवढे पाहिले जाते, आणि पुष्कळदा तेही रचनेचे नव्हे, सादरीकरणाचे. शेवटच्या ओळीला टाळी कशी घ्यावी हे मुलांना लवकर कळते. आई, सैनिक, शेतकरी यांवरच्या कवितांना बक्षीस मिळते हेही कळते. मुलगा आपल्या मनाकडे न बघता परीक्षकाच्या चेहऱ्याकडे बघून लिहू लागतो. शेतकऱ्याचे दुःख खरे आहे, पण ज्याच्या स्वतःच्या घरी शेती आहे त्या मुलाची कवितासुद्धा बांधावरची न वाटता भाषणातली वाटू लागते, तेव्हा काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

यात अलीकडे एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. संगणकाला विषय आणि वृत्त सांगितले की तो काही क्षणांत कविता जुळवून देतो. ती नेहमीच चांगली असते असे नाही, पण वार्षिक अंकात खपून जाईल इतपत पुष्कळदा असते. माझे काही सहकारी त्यामुळे चिंतेत आहेत. आता मुलांना वृत्त शिकवून काय उपयोग, असे ते विचारतात. मी त्यांना म्हणतो, तालमीत वजन उचलायला कोणी क्रेन नेली तर वजन उचलले जाईल, दंड मात्र भरणार नाही. वजन वर जावे म्हणून आपण तालमीत जात नसतो. त्या यंत्रमागाच्या गावच्या मुलाला ‘जाग’ हे यमक यंत्राने क्षणात दिले असते. परंतु ‘राग’ आणि ‘भाग’ यांच्यामागून ठेचाळत तो जेव्हा ‘जाग’पाशी आला, तेव्हा त्याला त्याची रात्र आठवली. ती आठवण त्या शोधात होती. विद्यार्थ्याच्या कवितेचे फळ कागदावर थोडे आणि विद्यार्थ्यात अधिक असते. कागदावरचेच फळ मोजत बसलो, तर यंत्रापुढे आपण हरणारच.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. ‘आत्माविष्कार की कौशल्य’ हा प्रश्न पुऱ्या वाढलेल्या कवीबद्दल कदाचित विचारता येईल. विद्यार्थ्याबद्दल तो विचारताना एक गोष्ट आपण गृहीत धरतो : की व्यक्त करण्याजोगा ‘स्व’ त्याच्यापाशी तयार आहे आणि फक्त शब्द हवे आहेत. तसे नसते. अठराव्या वर्षी माणसाला आपण कोण हे ठाऊक नसते. शब्द जुळवता जुळवता ते त्याला थोडे थोडे कळत जाते. म्हणून त्याचे कौशल्य हेच त्याचा स्वतःचा शोध घेण्याचे साधन आहे.

हे मानले तर आपण काय करावे? शिक्षकांनी विषय लहान आणि जवळचा द्यावा, नियम एखादाच पण पक्का द्यावा, आणि भावनेबद्दल बोलू नये. ती आली तर येईल. कविता वाचून दाखवाव्यात, मोठ्याने आणि पुष्कळ. गण पाडायला शिकवावे, पण आधी वृत्त कानात बसू द्यावे. आईवडिलांनी वही सापडली तर ‘कोणावर लिहिलेस’ असे विचारू नये. ‘ही ओळ मला आवडली’ एवढे म्हणावे, आणि खरेच एखादी ओळ आवडली असेल तरच म्हणावे. मुलांना खोटी स्तुती लगेच कळते. मात्र ओळींमधून खरी हाक ऐकू आली, जिवावर उदार झाल्याची, असह्य एकटेपणाची, तर कविता बाजूला ठेवावी आणि मुलाजवळ बसावे. चौकशीसाठी नव्हे, सोबतीसाठी. आणि विद्यार्थ्यांनी, जे आज येथे मागच्या रांगांत बसले आहेत त्यांनी, उसन्या शब्दाची लाज बाळगू नये, पण त्याच्यावर समाधानही मानू नये. ‘सांज’ लिहिली की स्वतःला विचारावे, आमच्या गल्लीत संध्याकाळी नेमके काय होते?

वडीलधाऱ्यांच्या वागण्याने काय घडू शकते याचे एक उदाहरण आपल्या इतिहासात आहे. 1907 साली जळगावला कविसंमेलन भरले होते. त्यात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाने कविता म्हटली, आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवले. हे आपण सगळे सांगतो. त्यानंतरची गोष्ट कमी सांगतो. तेव्हाच्या अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी हा मुलगा काही काळ राहिला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त तो घरातल्या मुलासारखा वावरताना दिसतो, रुसतो, जेवतो, लिहितो. पदवी एका दिवसात देता येते. घर देणे अधिक अवघड, आणि मला वाटते कवितेला तेच अधिक लागते.

राहिला एकच प्रश्न. या सगळ्या मुलांतून कवी किती होणार? फार थोडे. मग बाकीच्यांचे श्रम फुकट का? याचे उत्तर दंडीने बाराशे वर्षांहून अधिक काळापूर्वी देऊन ठेवले आहे. कवित्व तोकडे असले तरी ज्याने कष्ट घेतले आहेत, तो जाणत्यांच्या मेळाव्यात आनंदाने वावरू शकतो, असे त्याचे सांगणे आहे. ज्याने एकदा यमकासाठी रात्र जागवली, तो पुढे दुकान चालवो, कचेरीत जावो की शेती करो, दुसऱ्याची चांगली ओळ ऐकली की त्याचा कान टवकारतो. अशा कानांची माणसे गावात असतात, म्हणून गावात व्याख्यानमाला चालते. आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत, त्यावरून आपल्यापैकी पुष्कळांनी तरुणपणी गादीखाली वही ठेवली होती असा मला दाट संशय आहे. तो खरा असेल, तर घरी सापडणाऱ्या वहीशी कसे वागावे हे मी आपल्याला अधिक सांगण्याची गरज नाही.